मेट्रन आणि शेठचा टँक

मेट्रन कुणालाच नावाने हाक मारत नसत. त्यांच्या लेखी माणसाची खरी ओळख म्हणजे त्याचं दुखणं. आमच्या गल्लीतला वाणी ‘हर्निया’ होता, शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी ‘मुतखडा’, आणि गणपती मंडळाचा अध्यक्ष बंड्या हा ‘टॉन्सिल’. बंड्या तेव्हा पन्नाशीला टेकलेला, गळ्यात जाड चेन घालून बुलेटवरून फिरणारा माणूस होता. पण लहानपणी त्याचे टॉन्सिल काढले तेव्हा मेट्रन त्या वॉर्डात नर्स होत्या, आणि आइस्क्रीमसाठी त्याने घातलेला धिंगाणा त्यांनी त्याला कधी विसरू दिला नाही. भर रस्त्यात, कार्यकर्त्यांच्या घोळक्यात तो उभा असताना ‘ए टॉन्सिल, इकडे ये’ अशी हाक आली, की बंड्या निमूटपणे बुलेट बाजूला लावून यायचा.

मी ‘हिमोग्लोबिन’ होते. कऱ्हाडहून नोकरीसाठी आले, साकीनाक्याला पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या एका कारखान्यात हिशेबाचं काम मिळालं, आणि राहायला जागा शोधत घाटकोपरला मेट्रनच्या दारात उभी राहिले. खाली त्यांच्या दोन खोल्या आणि वर भाड्याने द्यायची एक. त्यांनी मला आत घेतलं, खिडकीपाशी नेलं, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, जीभ काढायला लावली. मग म्हणाल्या, "रक्त कमी आहे. भाड्याचं नंतर बोलू, आधी बीट खायला लाग." खोली मला मिळाली की नाही हे कळायला मला संध्याकाळ झाली. जिन्यातली माझी बॅग त्यांनीच वर नेऊन ठेवली होती, आणि बॅगेवर बिटाची जुडी.

एका मोठ्या सरकारी रुग्णालयातून त्या मेट्रन, म्हणजे मुख्य परिचारिका, म्हणून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. का, म्हणून मी एकदा भीत भीत विचारलं, तर म्हणाल्या, "ड्युटी होती." त्यावर आणखी विचारायची माझी टाप नव्हती. मूळच्या मालवणच्या. एरवी मुंबईचं तुटक मराठी बोलायच्या, पण राग आला की सरळ गावाला पोचायच्या. "माका शिकवू नको" असं ऐकू आलं, की गल्लीतली शहाणी माणसं रस्ता बदलत.

त्यांच्या तऱ्हा किती सांगायच्या? कुणाच्या घरी बसायला गेल्या आणि पलंगावरची चादर सुरकुतलेली दिसली, की बोलता बोलता उठून ती काढायच्या आणि चारी कोपरे दुमडून अशी ताठ घालायच्या की त्या घरातली माणसं रात्री तिच्यावर झोपायला कचरत. लग्नाच्या पंगतीत आधी वाढप्याचे हात उलटेसुलटे करून बघायच्या, मगच पान पुढे करायच्या. कुणी वारल्याची बातमी घेऊन आलं आणि ‘अमके देवाघरी गेले’ म्हणालं तर त्यांना खपत नसे. "मेले म्हण," त्या सांगत. "देवाच्या घरी पोचले की नाही हे तुला कुणी कळवलं?" आणि तरीही मयताच्या घरी सगळ्यात आधी त्याच पोचलेल्या असत. बायका रडत असल्या की त्यांच्या हातात काहीतरी काम द्यायच्या. एकीला पाणी गरम करायला लावायचं, एकीला कापड फाडायला. "रडायचंय तर रडा, पण हात चालू ठेवा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला ते तेव्हा फार कोरडं वाटायचं. माझे वडील गेले तेव्हा त्यांनी मला चहाचे कप विसळायला बसवलं, आणि तो दिवस मी त्या कपांच्या आधाराने काढला.

पण मेट्रन सगळ्या घाटकोपरला माहीत झाल्या त्या शेठच्या टँकमुळे.

आमच्या घराच्या मागेच त्या टँकची भिंत होती. टँक म्हणजे पोहण्याचा तलाव. इंग्रजांच्या काळात इथल्या एका शेठचा एकुलता एक मुलगा मित्रांबरोबर पवईला गेला आणि तलावात बुडाला. त्या दुःखात शेठनी स्वतःच्या बागेची जागा दिली आणि सगळ्या मुलांना पोहायला शिकता यावं म्हणून हा टँक बांधला. दगडी कमान, कौलारू छपराच्या कपडे बदलायच्या खोल्या, उडी मारायला लोखंडी मचाण, आणि एका भिंतीत दगडी सिंहाचं तोंड. शेजारच्या विहिरीचं पाणी त्या तोंडातून टँकमध्ये पडायचं म्हणे. हे सगळं मी ऐकलेलं. मी पाहिला तेव्हा टँक बंद पडून बरीच वर्षं झाली होती. कमानीतून पिंपळ आला होता, सिंहाचा जबडा कुणीतरी फोडला होता, आणि आत अख्ख्या वस्तीचा राडारोडा, फुटके संडास, रिक्षांच्या सीटा, असं काय काय येऊन पडलं होतं. कपडे बदलायच्या खोल्यांत बंड्याच्या मंडळाची थर्माकोलची मखरं ठेवलेली. खोल बाजूला पावसाचं हिरवं पाणी बारा महिने साचलेलं.

त्या पाण्याने एका पावसाळ्यात आमच्या गल्लीत डेंग्यू आणला. घराआड घर झोपलं. धुराच्या मशीनवाले आले, भिंतीवरून धूर सोडून गेले. मेट्रनना ते पटलं नाही. धूर फोटोत चांगला दिसतो, अळ्यांना त्याचं काही नसतं, असं म्हणून त्यांनी पाण्यावर ओतायला गॅरेजमधून काळ्या तेलाचा डबा आणला आणि रविवारी सकाळी मला उठवलं. "हिमोग्लोबिन, चप्पल नको, बूट घाल." कशाला, असं विचारायची पद्धत आमच्यात नव्हती.

मोडक्या फाटकातून आम्ही आत गेलो. मेट्रन पुढे, पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत, डबा सांभाळत. उथळ बाजूच्या उतारावर त्यांचा पाय घसरला. पडल्या नाहीत, पण टाच चिखलातून ओढली गेली आणि त्या फराट्याखाली निळं काहीतरी चमकलं. त्या वाकल्या. रुमालाने पुसत राहिल्या. खाली पांढरी फरशी, तिच्यावर निळ्या रंगात काढलेला मासा, खवल्यांसकट. मी वाकून पाहिलं तर मेट्रननी आधीच शेजारची फरशी पुसायला घेतली होती. तिच्यावरही मासा होता, त्याचं तोंड दुसऱ्या बाजूला.

बऱ्याच वेळाने त्या ताठ झाल्या आणि सगळ्या टँककडे, एखाद्या नव्या पेशंटकडे बघावं तसं, डोक्यापासून पायापर्यंत बघत म्हणाल्या, "बेडसोअर झालाय याला. पाठ कुजली आहे. पण आतलं मांस जिवंत आहे."

दुसऱ्या दिवसापासून मेट्रन रोज सकाळी खराटा, खुरपं आणि घमेलं घेऊन टँकमध्ये उतरायला लागल्या. कुणाकडे अर्ज केला नाही, सभा घेतली नाही, कुणाला मदतीला बोलावलंही नाही. उथळ बाजूच्या एका कोपऱ्यातून सुरुवात केली आणि फरशी फरशी मोकळी करत निघाल्या. वय सत्तरीच्या पुढे. लोक भिंतीवरून डोकावून बघायचे. म्हातारीला भ्रम झालाय असं सेक्रेटरींनी मला बाजूला घेऊन, काळजीच्या सुरात सांगितलं. तो निरोप मी पोचवला नाही. रविवारी मी खाली उतरायला लागले, मग माझ्याबरोबर हर्निया, म्हणजे वाणी, दुकान उघडण्याआधी तासभर यायला लागला. मुतखडाही आले. त्यांना वाकता येत नव्हतं, म्हणून मेट्रननी त्यांना काठावर खुर्ची दिली आणि निघालेल्या फरशा ब्रशने घासायला लावल्या. असं करत करत रविवारची माणसं वाढली. मेट्रन कुणाला शाबासकी देत नसत. काम संपलं की सगळ्यांचे हात तपासायच्या, आणि कुणाला खरचटलं असेल तर त्याला आयोडीन लावायच्या. ते इतकं झोंबायचं की पुढच्या रविवारी माणसं न सांगता हातमोजे घालून येत.

मंडळाच्या मखरांची गोष्ट याच काळातली. खोल्या रिकाम्या करून दे, असं मेट्रननी बंड्याला तीनचारदा सांगितलं. बंड्या दरवेळी ‘हो मेट्रन, करतो ना’ म्हणायचा आणि करायचा नाही. त्याचीही अडचण होती. घाटकोपरला एवढं सामान ठेवायला दुसरी जागा कुठून आणणार? शेवटी एका रविवारी मेट्रननी आम्हाला हाताशी धरून सगळी मखरं बाहेर काढली. थर्माकोलचे खांब, कमळं, हत्ती, एक अख्खा राजवाडा. सगळ्यावर वर्षांची धूळ आणि उंदरांच्या लेंड्या. फेकायचं का, म्हणून कुणीतरी विचारलं. मेट्रन म्हणाल्या, दुसऱ्याची वस्तू आहे, फेकायची कशी? त्यांनी बादलीत पाणी घेतलं, डेटॉल ओतलं, आणि तो सगळा राजवाडा धुऊन रस्त्याच्या कडेला ओळीने उन्हात मांडला.

सोनेरी रंग पाण्याचा निघाला. गटारातून सोनं वाहत गेलं.

बंड्या बुलेटवरून आला तो उतरलाच नाही. तसाच बसून खांबांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मेट्रन, वाट लावलीत ना माझी."

"आंघोळ घातली," मेट्रन म्हणाल्या. "इतक्या वर्षांत कुणी घातली नव्हती."

आम्ही हसलो. आम्ही हसायला नको होतं. बंड्याचा चेहरा पडला होता. त्या मखरांसाठी त्याने आणि त्याच्या पोरांनी रात्री जागवल्या होत्या. तो निघून गेला आणि त्यानंतर महिनाभर मेट्रनच्या हाकेला थांबला नाही. मग एक दिवस मी ऑफिसातून आले तर मेट्रन मंडळाच्या ऑफिसच्या पायरीवर बसून, सोनेरी रंगाचा डबा मांडीशी घेऊन, एक एक कमळ रंगवत होत्या. ब्रश धरण्याची पद्धत जखमेवर औषध लावल्यासारखी. पोरं आजूबाजूला उभी होती, कुणाला त्यांना ‘उठा’ म्हणवत नव्हतं.

त्या वेळी टँकचं काम अडलं होतं. उथळ बाजू बरीच मोकळी झाली होती, पण खोल बाजूचं पाणी उपसून उपसून संपेना. खाली कुठेतरी ते सोडायची झडप असणार हे सगळ्यांना कळत होतं. चिखलात ती कुठे, हे नाही. पुढच्या रविवारी सकाळी बंड्या आला. अंगात हाफ पँट, गळ्यात चेन नाही. काठावर उभा राहून एकदा सिंहाच्या तोंडाकडे आणि एकदा मचाणाकडे बघून त्याने अंदाज घेतला, आणि छातीभर हिरव्या घाणीत सरळ चालत गेला. मध्यावर थांबून श्वास घेतला आणि डोकं आत घातलं. मेट्रनच्या हातातलं घमेलं खाली आलं. बंड्या वर आला, पुन्हा खाली गेला. तिसऱ्यांदा वर आला तेव्हा पाण्यावर एक भोवरा फिरायला लागला होता.

मग काठावर बसून तो सांगायला लागला. सगळ्यांनाच, पण बघत मेट्रनकडे होता. लहानपणी तो याच टँकमध्ये पोहायला शिकला. खोल बाजूच्या तळाला, झडपेजवळच, लोखंडी जाळी होती. तिला हात लावून वर आला की मुलगा मोठा झाला असं ती पोरं समजायची. बंड्याला ते जमायला दोन उन्हाळे लागले होते. "अजून आहे तिथंच," तो म्हणाला. त्याच्या केसांतून चिखल गळत होता. मेट्रननी त्याच्या कानात टॉर्च मारून बघितलं आणि थेंब घालायला त्याला घरी नेलं. त्या दिवसापासून मंडळाची पोरं टँकवर यायला लागली, आणि मखरं बंड्याच्या भावाच्या गोडाऊनमध्ये गेली.

आम्हाला वाटलं, आता झालंच. तेवढ्यात कळलं की टँक बुजवून तिथे गाड्या लावायची जागा करायची, वर छोटी बाग, असा प्रस्ताव आलाय. आजूबाजूला टॉवर उभे राहिले होते, गाड्या रस्त्यावर मावत नव्हत्या. तेही खोटं नव्हतं. लोकांचं म्हणणं ऐकायला वॉर्ड ऑफिसात बैठक बोलावली. आम्ही सगळे गेलो. मेट्रन पांढरी साडी नेसून आल्या, खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. बसून बोललेलं पेशंट ऐकत नाही, असं त्यांचं मत होतं.

नव्या टॉवरमधले एक गृहस्थ बोलायला उठले. भला माणूस होता, चढ्या आवाजात बोलत नव्हता. त्यांचा मुद्दा असा, की आता प्रत्येक टॉवरमध्ये स्वतःचा स्विमिंग पूल आहे. हा टँक चालवायचा खर्च मोठा, पाण्याची ओढाताण, आणि जुन्या आठवणी सोडल्या तर याचा उपयोग कुणाला आहे? मग वॉर्ड ऑफिसच्या साहेबांनी मेट्रनकडे वळून, काहीशा कौतुकानेच विचारलं, "आजी, तुम्ही एवढं करताय. तुम्हाला पोहायची आवड असेल?"

"मला पोहता येत नाही," मेट्रन म्हणाल्या.

खोलीत थोडा हशा झाला. तो संपेपर्यंत त्या थांबल्या. मग इतक्या सपाट आवाजात बोलल्या की मागच्यांना खुर्च्या पुढे ओढाव्या लागल्या.

"मी कॅज्युअल्टीत होते, साहेब. पाऊस पडला की इथल्या खदानी भरतात. खदानी भरल्या की पोरं यायची. चालत नाही यायची. त्यांना पुसायचं, केसातली माती काढायची, मग आईला आत घ्यायचं, असं माझं काम होतं. आईला माती दिसायला नको. हा टँक चालू होता तोवर वर्षाला एखादं यायचं. बंद झाल्यावर जास्त यायला लागली. सगळी डोंगरावरच्या चाळींतली. टॉवरमधलं एकही पोर मी पुसलेलं नाही, आणि देव करो, कुणाला पुसावं लागू नये. यांच्या पोरांना पाणी आहे. त्यांना खदान आहे. एवढंच मला सांगायचं होतं."

आणि त्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्या घरात इतकी वर्षं राहत होते. खदानीचा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. बाहेर आले तर त्या व्हरांड्यातल्या कुंडीतली वाळकी पानं खुडत होत्या. हात चालू होते.

लगेच काही झालं नाही. सरकारी काम, त्याला वेळ लागतो तसा लागला. पण बुजवायचा प्रस्ताव मागे पडला. ज्या गृहस्थांनी विरोध केला होता त्यांनीच आपल्या ओळखीने एका कंपनीला मदतीसाठी तयार केलं, आणि पुढे टँकच्या समितीत सगळ्यात चिकाटीने काम केलं ते त्यांनी. दुरुस्तीला एक तरुण वास्तुरचनाकार बाई पवईहून यायच्या. हुशार होत्या. त्यांनी पहिल्या आराखड्यात काठावर काचेचं कॉफी शॉप काढलं होतं. मेट्रननी आराखडा चष्मा लावून नीट पाहिला आणि म्हणाल्या, "आधी ड्रेसिंग करू. लिपस्टिक नंतर." त्या बाई इतक्या हसल्या की दोघींचं जमलंच. कमानीतला पिंपळ मुळांसकट, दगड न हलवता काढायला एक पावसाळा गेला. फुटलेल्या फरशांच्या जागी साध्या पांढऱ्या बसवल्या, मासे जिथे वाचले तिथे ठेवले. खोल बाजूला मोठी भेग निघाली. ती भरून येईना, म्हणून तिथे भराव घालून खोली कमी करावी लागली, आणि बंड्याची जाळी त्याखाली कायमची गेली. त्या दिवशी बंड्या कामावर आला नाही.

सिंहाचा जबडा मात्र तसाच फुटका राहिला. कारागीर नवीन घडवायला तयार होता. मेट्रन नको म्हणाल्या. दात पडले म्हणून कुणी नवीन डोकं बसवत नाही.

उद्‌घाटनाला नेते आले. मेट्रननी काठावर जायच्या वाटेवर पाय धुण्यासाठी लाल औषधाच्या पाण्याची उथळ खाच करून घेतली होती, आणि त्या खाचेपाशी स्वतः काठी घेऊन उभ्या होत्या. नेत्यांना वाटलं, आपल्याला वगळतील. वगळलं नाही. पांढरा लेंगा गुडघ्यापर्यंत धरून ते लाल पाण्यात उभे राहिले, मेट्रननी त्यांच्या टाचा बघितल्या, भेगांना रात्री खोबरेल लावायला सांगितलं, आणि मगच फीत कापायला सोडलं. तो फोटो कुठल्याच पेपरात आला नाही. हर्नियाच्या दुकानात आहे.

मेट्रन गेल्या वर्षी गेल्या. हे वाक्य त्यांनी खोडलं असतं. बरं, मेल्या. सकाळी दार उघडलं नाही म्हणून मी खाली गेले, तर त्या आपल्या पलंगावर, चारी कोपरे दुमडलेल्या चादरीवर नीट झोपलेल्या होत्या. बायका जमल्या, रडायला लागल्या. मी गॅसवर पाणी ठेवलं, एकीला कापड फाडायला दिलं. अंत्ययात्रेला मंडळाच्या पोरांनी खांदा दिला. बंड्या सगळ्यात पुढे होता.

टँक चालू आहे. मोटार बिघडते, पाण्याची बोंब होते, समितीत भांडणं होतात. उन्हाळ्यात डोंगरावरची मुलं एवढी येतात की पाणी दिसत नाही, नुसती डोकी. ते बघायला मी काठावर थांबते. पण मेट्रनची आठवण आली की मला दिसते ती बायकांच्या वेळेतली एक दुपार. टँक सुरू होऊन पहिलाच उन्हाळा होता.

त्या वेळेला एक बाई यायला लागली होती. सुनंदा तिचं नाव, पन्नाशीची, डोंगरावरच्या बुद्धविहाराजवळ राहणारी, एका शाळेत शिपाई. तिने रीतसर प्रवेश घेतला, पोहण्याचा पोशाख विकत घेतला. रोज यायची, पाय धुवायची, पायऱ्यांपर्यंत जायची आणि तिथून परत फिरायची. शिकवणारी मुलगी समजुतीने सांगून थकली. मी कऱ्हाडला नदीत पोहत मोठी झालेली, मलाही वाटायचं, एकदा हात धरून उतरवावं. पण तिच्या तोंडाकडे पाहिलं की तसं करवत नसे.

त्या दुपारी ती पायऱ्यांवरून परत फिरली आणि सरळ मेट्रनपाशी आली. मेट्रन बाकावर बसल्या होत्या. सुनंदा म्हणाली, "तुम्ही मला ओळखलं नाही."

मेट्रननी तिला नीट पाहिलं. नाही म्हणाल्या.

सुनंदा उभ्या उभ्या सांगायला लागली. तिचा धाकटा भाऊ खदानीत बुडून गेला होता. त्याला रुग्णालयात आणलं तेव्हा ती आईबरोबर होती. आई धावत आलेली, पदर सुटलेला, तिला कशाची शुद्ध नव्हती. बाहेर पुरुषांची गर्दी. तेव्हा मेट्रननी आईला भिंतीच्या आडोशाला घेतलं, स्वतःच्या गणवेशाची पिन काढून तिचा पदर खांद्याला लावला, आणि मग तिला हाताला धरून आत नेलं. आईने ती पिन पुढे जन्मभर वापरली.

मेट्रन ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी असं कधी पाहिलं नव्हतं. काहीतरी शोधतायत आणि सापडत नाही, असं. शेवटी म्हणाल्या, "मला नाही गं आठवत. तुझी आई आठवत नाही, भाऊपण नाही. इतकी होती." आणि खाली बघत राहिल्या. कुणाची माफी मागताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं, आणि तेव्हाही त्यांनी तो शब्द उच्चारला नाही. पण ती माफीच होती.

"तुम्हाला नाही आठवलं तरी चालेल," सुनंदा म्हणाली. "आईला आठवत होतं."

पाण्यात दोन मुली पाय आपटण्याचा सराव करत होत्या. मग मेट्रन वाकल्या, पायातले बूट काढले, आणि त्या एवढ्या उन्हाळ्यातही घालायच्या ते जाड मोजे खाली उतरवायला लागल्या. त्यांचे पाय मी पहिल्यांदा पाहिले. आयुष्यभर वॉर्डात उभं राहून गुडघ्यापासून घोट्यापर्यंत शिरा गाठीगाठींनी फुगल्या होत्या, निळ्या, दोरखंडासारख्या. शिकवणारी मुलगी एकदम दुसरीकडे बघायला लागली. मेट्रननी कुणाकडेच पाहिलं नाही. साडी काढून ठेवली, अंगावर जुना सुती परकर-पोलका राहिला. त्यांनी सुनंदाचा हात धरला.

"चल. मलाही येत नाही."

दोघी पायऱ्यांपाशी गेल्या. पहिल्या पायरीवर मेट्रन थबकल्या, आणि मला कळलं की त्याही घाबरल्या आहेत. मी उडी मारून त्यांच्या पुढे पाण्यात उतरले, काही झालं तर धरायला. त्या एक एक पायरी उतरल्या. पाणी कमरेला लागलं. परकर फुगून वर आला, मेट्रन तो एका हाताने दाबत होत्या, दुसऱ्या हातात सुनंदाचं मनगट होतं, आणि बोटं तिच्या नाडीवर.

शिकवणाऱ्या मुलीने सांगितलं, कठडा धरा आणि तोंड पाण्यात घाला, फक्त क्षणभर. सुनंदाने डोळे मिटले. ओठ हलत होते, ती काय म्हणत होती कुणास ठाऊक. मग तिने तोंड पाण्यात घातलं.

मेट्रन तिच्यावर वाकल्या होत्या. त्यांचा सगळा जीव त्या पाण्यातल्या डोक्यावर होता.

सुनंदा वर आली. नाकातोंडात पाणी गेलेलं, ठसका लागलेला, केस चेहऱ्याला चिकटलेले. मेट्रननी ते केस दोन्ही हातांनी मागे केले, तिच्या पाठीवर थाप मारली, आणि त्यांच्या त्या सपाट आवाजात पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या, "श्वास घे. घे गो बाय. असा. हां, असा."

आणि सुनंदा श्वास घेत राहिली.